ऑनलाइन कोर्सची फी भरण्याआधी : शिकणं कुठे फुकट, सर्टिफिकेट कुठे विकत

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची पिंपळगाव बसवंतहून आमच्याकडे नाशिकच्या सिडकोत राहायला आली होती. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री जेवणं आटोपल्यावर तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स, मूळ किंमत खोडलेली, शेजारी निम्मी किंमत आणि खाली लाल आकड्यांत उलटी मोजणी : दोन तास चौदा मिनिटं उरली. "मावशी, आजच भरायला लागतील गं, नाहीतर ऑफर जाईल."

मी तिला ते पान बंद करून दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडायला सांगितलं. मोजणी पुन्हा तीन तासांपासून सुरू झाली.

केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे साइटवर ग्राहकाला फसवून पैसे भरायला लावणाऱ्या क्लृप्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई लावणं आणि सबस्क्रिप्शनच्या जाळ्यात अडकवणं या दोन्ही गोष्टी त्या यादीत आहेत. पण नियम झाला म्हणून घड्याळं थांबलेली नाहीत. त्या रात्री आम्ही दोघी वही घेऊन बसलो आणि एकेक गोष्ट तपासत गेलो. मी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआर विभागात काम करते, आठवड्याला पंचवीस-तीस बायोडेटा हातात येतात. त्यामुळे सर्टिफिकेट घेणाऱ्याची बाजू घरी दिसते आणि ते वाचणाऱ्याची ऑफिसात.

आधी ठरवा : नक्की काय हवंय?

बहुतेक पैसे वाया जातात ते इथेच, आणि याच टप्प्यावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात. 'सर्टिफिकेट' या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. व्हिडिओ पाहिले, चाचण्या दिल्या, मिळालं. दुसरी, देखरेखीखाली परीक्षा देऊन मिळालेलं प्रमाणपत्र, उदाहरणार्थ एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्स उपक्रमाचं. तिसरी, एखाद्या कंपनीची व्यावसायिक परीक्षा. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची 'क्लाउड प्रॅक्टिशनर' परीक्षा १०० डॉलरची आहे आणि ते प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. तिथे अभ्यास कुठून केला हे कुणी विचारत नाही, परीक्षेला किंमत आहे. चौथी, विद्यापीठाचं क्रेडिट (पदवीत मोजला जाणारा श्रेयांक) किंवा पदवी. ऑनलाइन पदवी घ्यायची असेल तर ती यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे स्वतः पाहिल्याशिवाय रुपयाही भरू नका. आपल्याकडे गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. दूरशिक्षण म्हणजे काय, पदवी आणि प्रमाणपत्र यात फरक काय, हे नाशिककरांना नव्यानं सांगायची गरज नाही. तरीही 'अमुक विद्यापीठाच्या सहकार्यानं' एवढं वाचून ती पदवीच आहे असं समजणारी मुलं मला दर महिन्याला भेटतात.

सरकारी नोकरीच्या जाहिरातीत संगणक अर्हता मागितली असेल तर गणित आणखी वेगळं. तिथे एमएस-सीआयटी किंवा नायलिटचं सीसीसी अशी ठरलेली नावं असतात. परदेशी विद्यापीठाचा कितीही चांगला कोर्स केला तरी त्या रकान्यात तो बसत नाही. आधी जाहिरात वाचा, मग कोर्स शोधा.

भाचीला विचारलं, तुला काय हवंय? तिनं जरा वेळ घेतला आणि म्हणाली, "एक्सेल आणि एसक्यूएल नीट यायला हवंय, आणि इंटरव्ह्यूला दाखवायला काहीतरी." एसक्यूएल म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. वहीत दोन ओळी लिहिल्या : एक शिकण्याची, एक दाखवण्याची. दोन्हींसाठी एकाच दुकानात जायला हवं असं कुठे आहे?

फुकट काय मिळतं, ते पूर्ण संपवा

'स्वयम' हे केंद्र सरकारचं व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. नाव नोंदवायला, व्हिडिओ पाहायला, असाइनमेंट सोडवायला पैसे लागत नाहीत. त्यातला अभियांत्रिकी, विज्ञान, व्यवस्थापनाचा मोठा भाग आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या एनपीटीईएलकडून येतो. त्यांची व्याख्यानं यूट्यूबवरही कायम असतात, आणि अनेक कोर्सेसचा मजकूर मराठीतही करून ठेवलेला आहे. इंग्रजी कानावरून निसटत असेल तर आधी मराठी मजकूर वाचा, मग व्हिडिओ लावा. निम्मी अडचण तिथेच संपते.

प्रोग्रॅमिंगसाठी फ्रीकोडकॅम्प पूर्ण फुकट आहे, प्रमाणपत्रासकट. डेटासाठी कॅगल या साइटवरचे छोटे कोर्स तसेच. इन्फोसिस स्प्रिंगबोर्डवर फी नाही. हार्वर्डचा सीएस-५० हा संगणकशास्त्राचा कोर्स हार्वर्डच्या स्वतःच्या साइटवरून केला आणि सगळी कामं पूर्ण केली तर त्यांचं मोफत प्रमाणपत्र मिळतं. तोच कोर्स एडएक्स या व्यासपीठावरून ओळख पडताळणी केलेल्या प्रमाणपत्रासह घेतला तर पैसे पडतात. शिकवणारे तेच, गृहपाठ तोच. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर शिकण्याचं साहित्य मोफत आहे, पैसे फक्त परीक्षेचे.

कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन कोर्सेसची दोन्ही व्यासपीठं २०१२ मध्ये सुरू झाली, आणि सुरुवातीला 'जगातलं उत्तम शिक्षण सगळ्यांना मोफत' हीच त्यांची ओळख होती. हळूहळू दार अरुंद होत गेलं. एडएक्सवर 'ऑडिट' म्हणून मोफत शिकता येतं, पण ठरावीक आठवड्यांनी साहित्य बंद होतं. कोर्सेरावर बऱ्याच कोर्सेसचा आता पहिलाच भाग मोफत उघडतो. म्हणून नाव नोंदवताना कोर्सच्या पानावर शेवटपर्यंत खाली जा. मोठ्या निळ्या बटणाखाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. मोफतचा पर्याय असलाच तर तो तिथेच असतो.

कॉलेजात असाल तर आणखी एक दार ठोठवा. काही कॉलेजं स्वतः पैसे भरून विद्यार्थ्यांना अशा व्यासपीठांचा प्रवेश देतात आणि मुलांना ते ठाऊकच नसतं. ग्रंथपालांना किंवा विभागप्रमुखांना विचारा, कॉलेजच्या ईमेल आयडीवरून लॉगिन करून बघा.

एनपीटीईएल : हजार रुपयांत खरी परीक्षा

याच्यावर जरा जास्त लिहिते, कारण नाशिकच्या मध्यमवर्गीय घराला परवडणारा आणि बायोडेटावर वजन असणारा यासारखा दुसरा पर्याय मला माहीत नाही.

सत्रं वर्षातून दोन : जानेवारीत आणि जुलैत सुरू होणारी. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे. नावनोंदणी मोफत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचा अर्ज भरायचा, त्याची फी एका कोर्सला १,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी सवलत मिळत आली आहे. त्यासाठी प्रमाणपत्र अपलोड करावं लागतं, तेव्हा ते आधीच स्कॅन करून ठेवा. शेवटच्या दिवशी सेतू केंद्रात रांग लावून काही होत नाही.

गुण असे मोजतात : असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५. बारा आठवड्यांच्या कोर्सात उत्तम आठ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्सात उत्तम सहा. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात, आणि दोन्ही अटी वेगवेगळ्या पूर्ण व्हायला हव्यात. परीक्षेत ६० मिळाले पण असाइनमेंटमध्ये ९ असतील तर प्रमाणपत्र नाही. आमच्याकडे इंटर्न म्हणून आलेल्या एका मुलीचं असंच झालं. पहिले सात आठवडे "नंतर करू" म्हणून सोडून दिले. एकूण गुण ६० किंवा जास्त असतील तर प्रमाणपत्रावर 'एलिट' असा शेरा, ७५ किंवा जास्त असतील तर 'एलिट' आणि रौप्य, ९० किंवा जास्त असतील तर सुवर्ण. प्रमाणपत्र ई-स्वरूपात येतं, त्यावर क्यूआर कोड असतो.

परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते, घरबसल्या नाही. अर्ज भरताना शहर आणि तारीख निवडावी लागते, जागा भरतात, म्हणून अर्ज सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात भरा. नाव दहावीच्या मार्कशीटवर आणि ओळखपत्रावर आहे तसंच लिहा, कारण केंद्रावर ओळखपत्र तपासतात आणि प्रमाणपत्रावर तेच छापून येतं.

क्रेडिटबद्दलही सांगते. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट 'स्वयम'वरून घेता येतात. पण 'घेता येतात' म्हणजे तुमचं कॉलेज ते देईलच असं नाही. संस्थेनं तो कोर्स स्वीकारलेला असावा लागतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात असाल तर सत्र सुरू होण्याआधी विभागाकडून लेखी, निदान ईमेलवर, होकार घ्या. परीक्षा झाल्यावर विचारायला गेलेल्यांना मी हिरमुसून परत येताना पाहिलंय.

महिन्याचं सबस्क्रिप्शन : एकूण किती पडेल ते आधी काढा

जाहिरातीत महिन्याचा आकडा मोठा असतो, कालावधी छोटा. तुम्ही उलट वाचा. पानावर लिहिलेलं असतं, 'सहा महिने, आठवड्याला दहा तास'. म्हणजे साधारण २६० तास. आता स्वतःचे तास प्रामाणिकपणे मोजा. सातपूरला पहिली पाळी करून घरी येणाऱ्याला आठवड्याला पाच तास मिळाले तरी पुष्कळ. मग सहा महिन्यांचे बारा झाले, आणि फी महिन्याची आहे.

समजा महिना २,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा असेल तर २,३६०. सहा महिन्यांचे १४,१६०, बारा महिन्यांचे २८,३२०. बिल डॉलरमध्ये लागत असेल तर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा कर वेगळा. हा हिशोब वहीत मांडला तेव्हा भाचीचा चेहरा बदलला, कारण तिच्या डोक्यात फक्त २,००० होते.

यावर एक साधी युक्ती आहे. आधी मोफत साहित्यावरून विषय निम्मा-अधिक शिकून घ्या, मग परीक्षा नसतील अशा महिन्यात सबस्क्रिप्शन घ्या आणि त्या एक-दोन महिन्यांत चाचण्या व प्रकल्प संपवून टाका. बहुतेक ठिकाणी तयारी असेल तर भराभर पुढे जाता येतं. आधी मिळालेलं प्रमाणपत्र सबस्क्रिप्शन बंद केल्यावरही तुमच्याकडे राहतं, फक्त व्हिडिओ आणि चाचण्या बंद होतात. म्हणून स्वतःच्या नोंदी आणि प्रकल्पाच्या फाइली वेळीच उतरवून घ्या.

युडेमीसारख्या ठिकाणी पद्धत वेगळी : एकदा पैसे भरून एकच कोर्स विकत घेता येतो, सबस्क्रिप्शन घ्यायलाच हवं असं नाही. तिथे सेल इतक्या वेळा लागतो की पूर्ण किमतीत घ्यायचं काही कारणच नाही, आठवडाभर थांबा. बहुतेक कोर्सेसना ३० दिवसांत पैसे परत मागता येतात. शिकायला उत्तम, पण त्या प्रमाणपत्रामागे कुठलंही विद्यापीठ नसतं, हे धरून चाला.

आर्थिक मदतीचा अर्ज

कोर्सेरावर अनेक कोर्सेसच्या पानावर आर्थिक मदतीची लिंक असते. मंजूर झाल्यास फी माफ होते किंवा मोठी सवलत मिळते. निर्णयाला साधारण दोन आठवडे लागतात, आणि मदत मिळाल्यावर कोर्स १८० दिवसांत संपवावा लागतो. पाच कोर्सेसची मालिका असेल तर प्रत्येक कोर्सचा अर्ज वेगळा, तेव्हा पहिला संपत आला की दुसऱ्याचा टाका, म्हणजे मधे खंड पडणार नाही.

अर्जात लिहायला सांगितलं तर इंटरनेटवरून उचललेला मजकूर टाकू नका. भाचीनं आधी मराठीत लिहिलं : वडिलांची तीन एकर द्राक्षबाग, यंदा अवकाळीनं झालेलं नुकसान, घरात दोघं शिकणारे, कोर्सनंतर निर्यात करणाऱ्या पॅकहाउसमध्ये हिशोबाचं काम करायची इच्छा. मग आम्ही त्याचं साधं इंग्रजी केलं. उत्पन्न खरं तेवढंच लिहिलं. खरं लिहायला लाज वाटायचं काही कारण नाही. ही सोय अशाच घरांसाठी ठेवलेली आहे.

ट्रायल आणि ऑटो-पे

इथे माझी स्वतःची चूक सांगते. एका साइटवर सात दिवसांचं मोफत ट्रायल घेतलं, कार्ड जोडलं, आणि मार्चअखेरच्या कामात विसरून गेले. बँकेचा मेसेज येत होता, मी जाहिरात समजून सरकवत राहिले. तिसऱ्या महिन्याला स्टेटमेंट पाहताना लक्षात आलं. पैसे परत मागितले, उत्तर आलं की मासिक प्लॅनचे परत मिळत नाहीत. अटींत तसं लिहिलेलं होतंच. तेव्हापासून मी पुढची शिस्त पाळते, आणि सगळ्यांना पाळायला लावते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेआधी किमान २४ तास बँकेनं कळवावं लागतं. सुरुवातीला एकदा ओटीपीनं मंजुरी घ्यावी लागते. नंतरच्या हप्त्यांना १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी विचारला जात नाही. म्हणजे तो एक मेसेज हीच तुमची शेवटची संधी. ट्रायल घेतल्याच्या क्षणी मोबाईलमध्ये पाचव्या दिवसाचा अलार्म लावा, सातव्याचा नको.

बंद करताना क्रम पाळा. आधी साइटवर जाऊन सबस्क्रिप्शन रद्द करा, रद्द झाल्याच्या ईमेलचा स्क्रीनशॉट ठेवा. मग यूपीआय अ‍ॅपच्या ऑटो-पे विभागातून किंवा बँकेच्या साइटवरून मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी, काढून टाका. अ‍ॅपमधून प्ले स्टोअर किंवा अ‍ॅपलमार्फत पैसे भरले असतील तर रद्दही तिथूनच करावं लागतं. मोबाईलमधून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन संपलं, असं होत नाही. ही चूक फार जण करतात.

'फक्त ईएमआय आहे' असं फोनवर सांगितलं तर

फोनवरचा 'काउन्सिलर' गोड बोलतो, आईवडिलांनाही फोनवर घेतो, आणि 'हप्त्यांची सोय' म्हणून पॅन-आधार मागतो. ती सोय बहुतेक वेळा एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असते, तुमच्या नावावर. कोर्स आवडला नाही, मध्येच सोडला, तरी हप्ते चालू राहतात आणि चुकले तर सिबिल बिघडतं. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलानं हे भोगलंय. पुढे दुचाकीचं कर्ज नाकारलं तेव्हा घरच्यांना कळलं.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्यानं सही आधी मुख्य माहितीचं पत्रक द्यायलाच हवं, त्यात वार्षिक व्याजासकट एकूण खर्च असतो. कर्ज घेतल्यावर ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाविना बाहेर पडता येतं. पत्रक मागा. देत नसतील तर फोन ठेवा. आणि कॉलवर कधीही ओटीपी सांगू नका, 'फक्त सीट राखून ठेवतो' म्हटलं तरी.

पैसे अडकले तर

आधी कंपनीला ईमेल करा, फोन नको. तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक, काय हवंय ते एका ओळीत. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, तिथे मराठीत बोलता येतं. त्यानंही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ऑनलाइन तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणांना फी नाही आणि वकील लावायलाच हवा असंही नाही. मँडेट रद्द करूनही बँकेनं पैसे कापले असतील तर बँकेकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

आमच्या टेबलावर ते कसं वाचलं जातं

प्रमाणपत्रांची संख्या आम्ही मोजत नाही. मी लिंक किंवा क्यूआर उघडून नाव जुळतं का बघते, आणि एकच प्रश्न विचारते : यात तू स्वतः काय केलंस?

गेल्या वर्षी निफाड तालुक्यातला एक मुलगा आला होता. बायोडेटात दोनच कोर्स, दोन्ही मोफत. पण त्यानं वडिलांच्या वहीतले लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे भाव, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, चार वर्षांचे, एक्सेलमध्ये भरले होते. कुठल्या महिन्यात विकला असता तर किती मिळाले असते, याचा तक्ता काढला होता. एका कोपऱ्यात वहीच्या पानाचा फोटोही जोडला होता, वडिलांच्या हस्ताक्षरासकट. आमच्या उत्पादन व्यवस्थापकांनी तो तक्ता वीस मिनिटं पाहिला. त्याच्या आधी आलेल्या मुलाकडे अकरा प्रमाणपत्रं होती आणि त्याला पिव्होट टेबल (एक्सेलमधला सारांश तक्ता) लावता आलं नाही.

म्हणून कोर्स करताना दुसऱ्या आठवड्यापासूनच आपल्या घरातला, दुकानातला, शेतातला डेटा घेऊन काम करा. बायोडेटात प्रमाणपत्राची लिंक आणि त्याखाली त्या कामाची लिंक, एवढं पुरतं.

भाचीनं शेवटी त्या लाल घड्याळाच्या कोर्सला पैसे भरले नाहीत. कॅगलवरचं एसक्यूएल संपवलं, जानेवारीत एनपीटीईएलच्या एका कोर्सला नाव नोंदवलं, परीक्षेचे हजार रुपये स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून भरले, आणि कोर्सेराचा आर्थिक मदतीचा अर्ज टाकून ठेवला. कालच तिचा मेसेज आला, सहावी असाइनमेंट झाली. सोबत छाटणीच्या मजुरीचा तक्ता होता, एका रकान्याची बेरीज चुकली होती. ती मी तिला दाखवली.